स्कारवोगातला निळा डाग

योरुन हाउक्नेसच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या बाईच्या तोंडावर कधी निळा डाग दिसत नाही, अशी स्कारवोगात, उत्तरेकडच्या त्या मासेमारी गावात, तिची ख्याती होती. ही ख्याती उघडपणे कुणी बोलून दाखवत नसे, कारण आपण तिच्याकडे जातो हेच मुळी कुणाला मान्य नव्हतं. धक्क्यावरच्या ज्या लाकडी इमारतीत पूर्वी जाळी वाळत घालत, तिच्या मागच्या बाजूने एक जिना वर जातो. गावातल्या निम्म्या बाया त्या जिन्याने वर जात आणि कुणी हटकलंच तर म्हणत, तीळ दाखवायला गेले होते. एवढे तीळ खरंच असते तर एखाद्या कातडीच्या डॉक्टरने गावात बंगला बांधला असता.

योरुन साठीकडे झुकलेली, उंच, पाठीने ताठ आणि बोलायला तोडून टाकणारी बाई. बाप दोरीला गळ लावून मासे धरणारा. तिचं निम्मं आयुष्य बोडो शहरातल्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या विभागात गेलं. तिथे त्याच त्याच माणसांच्या हातात पुन्हा पुन्हा सुई घालायची असते. आज शीर दुखावली तर परवा तीच शीर तुमच्यावर रुसून बसते. शीर ही काही तुमची मोलकरीण नाही, तिच्याशी अदबीने वागा, असं ती शिकाऊ नर्सना सांगे. पुढे आई आजारी पडली म्हणून ती गावी आली. आई गेली, ती राहिली. सुरकुत्या नि खड्डे भरायला चेहऱ्यात इंजेक्शन देण्याचं शिक्षण घेऊन तिने ही खोली थाटली, तेव्हा गावाने नाकं मुरडली. सुरकुत्या वाऱ्याने दिल्यात, त्यांची कसली लाज, असं म्हणणाऱ्यांत ज्या पुढे होत्या, त्याच जिना चढण्यातही पुढे निघाल्या.

सुई हातात घेण्याआधी योरुन इतका वेळ बोलत बसे की नवीन बाईला वाटे, ही मला परतच पाठवणार. आणि पुष्कळदा ती पाठवतही असे. सर्वांत जास्त गर्दी मेच्या सुरुवातीला, कारण सतरा मेला राष्ट्रीय सण. पारंपरिक पोशाख घालून, चांदीचे दागिने लावून सगळं गाव मिरवणुकीत उतरतं. सण आठवड्यावर आला की पी हळद नि हो गोरी म्हणत बाया धावत येत. योरुन त्यांना दारातूनच वाटेला लावी. सणाला देखणं दिसायचं असेल तर पंधरा दिवस आधी यायचं, डाग पडलाच तर त्याला जायला वेळ हवा, हा तिचा नियम. तिच्या सख्ख्या वहिनीसाठीही तो कधी मोडला नाही. वहिनी त्यानंतर दोन वर्षं तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

मग प्रश्न. अंगदुखीची, डोकेदुखीची कोणती गोळी घेतलीस का, आज, काल, या आठवड्यात? इथे लोक आयबुप्रोफेन खोकल्याच्या गोळीसारखं चघळतात आणि औषध घेता का विचारलं तर नाही म्हणतात. किराणा दुकानाची मालकीण बोर्गहिल्ड, एका जहाजाच्या कप्तानाची विधवा, गुडघ्यांसाठी रोज ती गोळी घ्यायची आणि दर वेळी शपथेवर नाकारायची. योरुनने तिला तीनदा जिना उतरायला लावला. गुडघे दुखत असताना तीनदा, तेव्हा कुठे ती खरं बोलली. मात्र कुणाला हृदयासाठी डॉक्टरने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या थांबवायचं नावही योरुन काढू देत नसे. आधी काळीज, मग गाल, असं ती म्हणे. डाग पडेल, चालत असेल तर बस, नसेल तर कॉफी पी आणि घरी जा.

आणि माशाचं तेल. स्कारवोगात मूल दुधाच्या बाटलीवरून चमच्यावर आलं की पहिला चमचा कॉडलिव्हर तेलाचा. त्यानंतर मरेपर्यंत रोज सकाळी एक. ते औषध नाही, अन्न नाही, दात घासण्यासारखी एक गोष्ट आहे. या तेलाने रक्त थोडं पातळ होतं की नाही यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. योरुन म्हणे, वाद त्यांनी घालावा, गाल माझ्या हाताखाली आहे. म्हणून तेलाचा प्रश्न ती वेगळा विचारी आणि आधीचे दोन आठवडे चमचा बंद ठेवायला लावी. वाइनचा प्रश्नही वेगळा. इतकं झालं की मग ती हात धुवी.

हाताचं काम बघण्यासारखं होतं. आधी दिव्याखाली चेहरा इकडून तिकडून न्याहाळून शिरा कुठे धावतात ते पाही, मग बर्फाची थंड पट्टी. जिथे जमेल तिथे टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, कारण ती शिरेला टोचत नाही, बाजूला सारते. औषध अगदी हळू आत सोडायचं. नंतर अंगठ्याने जागा दाबून धरायची आणि खिडकीतून बोटी बघत उभं राहायचं, घाई नाही. जाताना ताकीद ठरलेली: आज दारू नाही, सॉना नाही, डोंगरावर स्की घेऊन धावणं नाही, रात्री उशी उंच घ्यायची आणि दिसेल त्या आरशात जाऊन गाल चिवडायचा नाही. शेवटची ताकीद सोडून बाकी सगळ्या लोक पाळत.

एवढा खटाटोप कशाला, असं मोठ्या शहरातलं माणूस विचारील. शहरात निळा डाग घेऊन ट्राममध्ये बसलं तर कोण बघतं? स्कारवोगात एकच दुकान, एकच शाळा आणि हँडबॉलचं एकच मैदान, तेही छताखाली. इथे बाईच्या डोळ्याखाली निळं दिसलं की त्याचे दोनच अर्थ होतात. एक, ती योरुनकडे जाऊन आली. दुसरा अर्थ लोक मोठ्याने बोलत नाहीत.

विग्दिस एका वर्षी मार्चमध्ये आली. गावच्या शाळेतली शिक्षिका, पंचेचाळिशीची, हसरी. इथली पोरं शिक्षकांना नावानेच हाक मारतात. वडिलांचं लांबलेलं आजारपण तिने काढलं, ते गेले, दुःखही ओसरलं, पण डोळ्यांखालचे खड्डे तेवढे राहून गेले. रोज कुणीतरी पोर बाकावरून विचारी, विग्दिस, तू दुःखी आहेस का? दमली आहेस का? तिने योरुनला सांगितलं की ती दुःखी नाही, दमलेलीही नाही, आणि रोज आठ-नऊ वर्षांच्या पोरांची समजूत घालून तिला खरोखरच दमायला झालंय. योरुनला हे कारण पटलं. फक्त नवऱ्याला कळता कामा नये, असं विग्दिस म्हणाली. स्वेर्रे तसा भला माणूस, पण टीव्हीवर एखादी ओढलेल्या तोंडाची बाई दिसली की जेवता जेवता टिंगल करी. आपण त्या टिंगलीत बसायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

स्वेर्रे म्हणजे अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला गडी. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ काढायचा नांगर चालवी आणि संध्याकाळी मुलींच्या हँडबॉल संघाला शिकवी. कडेला उभा राहून तो असा ओरडे की परगावचे पालक दचकत. संघातल्या मुली मात्र त्याच्यावर जीव टाकत, कारण हरल्यावर तो कधीच ओरडत नसे.

विग्दिसने सगळ्या प्रश्नांना चोख उत्तरं दिली. गोळी नाही. तेलाचा चमचा दोन आठवडे बंद. वाइन नाही, घेतलीच नाही. योरुनने काम सुरू केलं. डोळ्याखालची जागा नाजूक, तिथे कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. उजवी बाजू सुरेख झाली. डाव्या बाजूला नळी आत जाताना एक बारीक शीर फुटली आणि रक्त जितकं यायला हवं त्याहून जास्त आलं, थांबायला हवं त्याहून उशिरा थांबलं. योरुनने दाबून धरलं, थंड पट्टी लावली, पुन्हा दाबलं. बोटाने कातडी दाबून रंग परत येतो का पाहिलं, दुखतंय का विचारलं, एकेक डोळा झाकून खिडकीतली बोट दिसते का विचारलं. सगळं ठीक होतं. धोका काही नव्हता, फक्त डाग पडणार होता.

"काल रात्री काय जेवलीस?" योरुनने विचारलं.

"मोल्ये. शाळेच्या सगळ्या लोकांचं होतं ना, दरवर्षी असतं."

योरुनने अंगठा न उचलता डोळे मिटले. हिवाळ्यात कॉड किनाऱ्याला लागला की घरोघर मोल्ये होतं: उकडलेला मासा, त्याची गाभोळी, आणि त्याची कलेजी, तेलासकट बटाट्यांवर ओतलेली. आणि कलेजी पचायला हवी म्हणून बरोबर अक्वाव्हिट या कडक दारूचे पेले.

"आणि पेले किती?"

"अगं, मोल्येबरोबर घेतात तेवढेच. ती काय दारू झाली?"

"मग सकाळी डोकं दुखलं असेल."

विग्दिसने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "अर्धी गोळी घेतली. अर्धीच."

या एका किनाऱ्यावरच अशी चूक होऊ शकते. तेलाचा चमचा दोन आठवडे निष्ठेने बंद ठेवायचा आणि तेच तेल ताटभर जेवायचं. त्यात बाईचं खोटं काहीच नव्हतं. तिच्या हिशेबी मोल्ये हे तेल नव्हे, अक्वाव्हिट ही दारू नव्हे आणि अर्धी गोळी ही गोळी नव्हे. योरुन चिडली ती स्वतःवर. त्याच आठवड्यात तिनेही घरी मोल्ये चापून खाल्लं होतं आणि तिच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. तिने विग्दिसला सरळ सांगितलं, उद्या हे निळं होईल, मग जांभळं, मग पिवळं, आणि पंधरवड्यात जाईल. वर मेकअप कसा लावायचा तेही दाखवलं. मात्र घरी काय सांगायचं हे दाखवणं तिच्या कामात बसत नव्हतं.

तिथेच घोळ झाला. विग्दिसने घरी सांगितलं, स्वयंपाकघरातलं कपाटाचं दार लागलं. शाळेत सांगितलं, बर्फावर घसरले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बऱ्या होत्या, पण स्कारवोगात दोन जागा नाहीत. शाळेतली एक बाई दूध घ्यायला दुकानात गेली, पाठोपाठ स्वेर्रेचा बर्फ काढणारा जोडीदार तंबाखू घ्यायला गेला, आणि बोर्गहिल्डच्या गल्ल्यापुढे बर्फ आणि कपाट समोरासमोर आले. बोर्गहिल्डने दोघांचे पैसे घेतले. संध्याकाळपर्यंत गावाला दुसरा अर्थ कळला होता.

डाग खाली गालापर्यंत उतरला, तसतशी गोष्ट वर चढली. स्वेर्रेचा आवाज मोठा, हात मोठे, मैदानाच्या कडेला तो लाल होतो, हे सगळं लोकांना नव्याने आठवायला लागलं. कुणी म्हणे, शेजाऱ्यांनी मागे काहीतरी आपटल्याचा आवाज ऐकला होता. हँडबॉल मंडळाचा अध्यक्ष आर्नफिन हा भित्रा, सज्जन माणूस. कुणा पालकाने त्याला फोन केला. आपल्या पोरी अशा माणसाच्या हाताखाली ठेवायच्या का? आर्नफिनने स्वेर्रेला गाठून, बुटांकडे बघत सुचवलं की त्याने थोडे दिवस विश्रांती घ्यावी. कशापासून विश्रांती, हे स्वेर्रेला कळेना. त्याने दोनदा विचारलं आणि आर्नफिनने दोनदा हवेबद्दल काहीतरी सांगितलं. शनिवारी मोठी स्पर्धा होती आणि पोरींना सांगण्यात आलं की या खेपेला बाकावर स्वेर्रे नसेल.

हे सगळं योरुनच्या कानावर आलं ते दुकानातच. बोर्गहिल्डने ब्रेड पुढे सरकवत हळूच विचारलं, तू नर्स आहेस, तू बघितलंस ना तिचं तोंड? तो डाग घसरून पडल्याचा की मारल्याचा? योरुनने ब्रेड पिशवीत घातला आणि उत्तर दिलं नाही. एका वाक्यात ती हे प्रकरण मिटवू शकत होती. पण कोण आपल्याकडे येतं हे बाहेर सांगायला नर्सला कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी योरुनने सांगितलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते तिला दुकानाच्या चार पायऱ्या उतरताना कळलं. तिच्या हातून पडलेल्या डागाची शिक्षा दुसराच माणूस भोगत होता आणि तिला हूं की चूं करता येत नव्हतं. बोर्गहिल्डचा तिला असा राग आला की घरी पोचेपर्यंत ती मनातल्या मनात तिच्याशी भांडत होती.

विग्दिसच्या घरी जाणंही शक्य नव्हतं. योरुनची गाडी तिच्या दारात दिसली असती तर सगळं आपसूक उघड झालं असतं. म्हणून योरुनने तपासणीच्या निमित्ताने तिला बोलावून घेतलं. काम केलेल्या नर्सचा तो तर हक्कच होता. दिव्याखाली पाहिलं, डाग कडेने पिवळा पडायला लागला होता, कामही छान बसलं होतं. मग तिने दिवा बंद केला.

"तुझ्या तोंडावरचा डाग चाललाय," योरुन म्हणाली. "स्वेर्रेच्या तोंडावरचा वाढतोय. गाव काय बोलतंय ठाऊक आहे का तुला?"

विग्दिसला ठाऊक नव्हतं. ज्याच्याबद्दल बोलणं चालू असतं त्यालाच ते शेवटी कळतं. योरुनने शब्द न चावता सांगितलं, आर्नफिनच्या विश्रांतीचा अर्थही सांगितला. विग्दिस ऐकत राहिली. तिच्या गालावरचा उरलेला रंगही उतरला, त्यामुळे डाग जास्तच उठून दिसायला लागला.

"त्याने दारं काढली," ती म्हणाली.

"कसली दारं?"

"स्वयंपाकघरातल्या कपाटांची. सगळी. मी म्हटलं ना, दार लागलं म्हणून. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर हा स्क्रू काढत उभा. म्हणाला, पुन्हा लागायला नको. आठवडाभर आमच्या कपबश्या उघड्यावर आहेत, योरुन." आणि ती रडायला लागली. डोळे पुसू नकोस, नुसते टिपून घे, एवढंच योरुन म्हणाली. आणि स्वतः खिडकीकडे वळली.

पुढे काय करायचं ते योरुनने सांगितलं नाही. माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली तुझ्याकडे आहे, इतकंच ती म्हणाली. विग्दिसने त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. जिना, सुई, मोल्ये, आणि गाव काय म्हणतंय तेही. नंतर तिने योरुनला फोन करून कळवलं की स्वेर्रेने आधी तिचा गाल दिव्याकडे वळवून पाहिला. मग त्याने विचारलं, दुखलं का? आणि मग म्हणाला, तू गावात काही सांगू नकोस, तुझं गुपित तुझ्यापाशी राहू दे, लोक चार दिवसांत विसरतात. योरुनने फोन ठेवला. लोक असलं काही विसरत नाहीत, हे तिला माहीत होतं आणि स्वेर्रेलाही माहीत असणार.

शनिवारी हँडबॉलच्या सभागृहात सगळं गाव होतं. स्पर्धेच्या दिवशी पालक आणि शिक्षक पाळीपाळीने वॉफल आणि कॉफीचा ठेला लावतात. पैसे संघाला जातात आणि पाळी चुकवणं हे चोरीच्या खालोखाल मानलं जातं. त्या दिवशी पाळी विग्दिसची होती. ती येणार नाही असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं. ती आली. तोंडावर पावडरचा कण नव्हता. खिडकीतून येणाऱ्या मार्चच्या उजेडात डाग सर्व रंगांनिशी दिसत होता. योरुन प्रथमोपचाराची पेटी घेऊन कडेला बसली होती, कारण गावात नर्सला दुसरी पाळी कुणी देतच नाही. स्वेर्रे वरच्या रांगेत प्रेक्षकांत बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची रिकामी होती. खाली पोरी एकदा बाकाकडे आणि एकदा वर बघत होत्या.

ठेल्यापुढे रांग लागली. लोक वॉफल घेत, आभार मानत आणि विग्दिसच्या चेहऱ्याखेरीज सगळीकडे बघत. आर्नफिन रांगेत होता, त्याच्यामागे बोर्गहिल्ड. विग्दिसने पिठाची पळी खाली ठेवली.

"योरुन," तिने हाक मारली, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचते त्या आवाजात. "हा डाग मला कुणी दिला, ते सांग यांना. तुला माझ्याकडून मोकळीक आहे."

सभागृहात चेंडू टप्पे खायचा थांबला. योरुन उठली. आपली ख्याती, जिन्यावरची वर्दळ, इतक्या वर्षांत एकही डाग नाही हा ताठा, हे सगळं तिला त्या क्षणी आठवलं. ते सोडताना तिला वाईट वाटलं. वाटलं नाही असं सांगणं खोटं होईल. पण आवाज तिचा हलला नाही.

"मी दिला," ती म्हणाली. "माझ्या हाताने, माझ्या खोलीत. डोळ्याखाली भरताना शीर फुटली. आदल्या रात्री मोल्ये खाऊन आली होती आणि मी विचारलं नव्हतं. यात स्वेर्रेचा हात कुठेही नाही. मला जे विचारायचं असेल ते इथेच विचारा."

मागे एक बाई फिसकन हसली आणि लगेच खोकली. आठवड्याभरापूर्वी तीही योरुनचा जिना चढली होती. आर्नफिन हातातली कॉफी तशीच घेऊन रांगेतून बाहेर पडला, पायऱ्या चढून वर गेला आणि स्वेर्रेपुढे हात केला. स्वेर्रेने हातात हात दिला, पण उठता उठता बघत होता तो खालच्या पोरींकडे. त्याला उतरताना पाहून बाकावरच्या पोरी न सांगता सरकल्या. थोड्याच वेळात तो असा ओरडायला लागला की परगावचे पालक दचकले.

ठेल्यापाशी आता बोर्गहिल्डचा नंबर आला होता. योरुन मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिली. हिला आज ऐकवायचंच, असं तिने ठरवलं होतं. पण विग्दिसच आधी बोलली.

"बघ ना, बोर्गहिल्ड. आठवडाभर चोरून बघतेस. आता नीट बघ."

बोर्गहिल्डने पाहिलं. तिने पैसे पुढे केले, ते घ्यायला कुणी हात केला नाही म्हणून तसेच ठेल्यावर ठेवले.

"मी चुकले," ती म्हणाली. "स्वेर्रेची माफी मागेन, आत्ता जाऊन मागेन. पण मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं असं मला म्हणायला लावू नका. आमच्या घरात अकरा वर्षं कपाटाची दारं लागत होती. नवऱ्याची बोट समुद्रावर असली की नाही लागायची, धक्क्याला लागली की लागायची. गावाने रोज बघितलं. एकाने फोन केला नाही. चुकीचा सुद्धा नाही."

मागे उभे असलेले लोक ऐकत होते. त्यांतले जुने लोक खाली बघायला लागले. विग्दिसने एक वॉफल उचलला, त्याच्यावर जॅम घातला आणि तो बोर्गहिल्डच्या हातात देताना तिचा हात सोडला नाही.

योरुनला बोलायचं होतं ते विरून गेलं. बोर्गहिल्डचा चेहरा तिच्या हाताखाली किती तरी वेळा आला होता. डाव्या गालाचं हाड कधीतरी मोडून वाकडं सांधलेलं आहे, हे तिच्या अंगठ्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेव्हा तिने गोळ्यांबद्दल विचारलं होतं, तेलाबद्दल विचारलं होतं, वाइनबद्दल विचारलं होतं.